विहार ते शेवटचा नळ : मुंबईच्या जल अभियंता खात्याची वाटचाल

१८५४ साली पावसाने दगा दिला आणि मुंबई बेटावरच्या विहिरी तळाला गेल्या. होड्यांतून पाणी आणून ते शहरातल्या विहिरींत ओतावे लागले. गुराढोरांचा पाण्यावरचा भार कमी व्हावा म्हणून त्यांना माहीमकडे हलवण्यात आले. व्यापाराने भरभराटलेल्या, तीन बाजूंनी समुद्र असलेल्या या बंदरात माणसाला पिण्यापुरते पाणी नव्हते. आपल्या खात्याची पायाभरणी त्या टंचाईने केली. पुढच्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासातही हेच वारंवार दिसते की मोठे काम हाती घेण्यासाठी आधी एखादे मोठे संकट यावे लागले.

त्याआधीची मुंबई तलावांवर आणि विहिरींवर जगत होती. गोवालिया टँक, सी. पी. टँक, धोबी तलाव, खारा तलाव ही नावे आज फक्त रस्त्यांच्या आणि बसथांब्यांच्या पाट्यांवर उरली आहेत, पण एकेकाळी ती खरोखरची पाण्याची ठिकाणे होती. कावसजी पटेल, फ्रामजी कावसजी यांच्यासारख्या धनिकांनी पदरचे पैसे घालून तलाव खोदवले, नीट करवले. पाणी देणे हे तेव्हा पुण्यकर्म होते. ते सरकारचे कर्तव्य आहे असे कुणी मानत नव्हते. त्याच तलावात कपडे धुतले जात, गुरे पाणी पीत आणि त्याच पाण्याच्या घागरी घरी जात. पटकी वर्षागणिक येई आणि माणसे नेई.

हेन्री कॉनिबेअर हा या शहराच्या साफसफाईच्या मंडळाचा अभियंता. कुलाब्याचे अफगाण चर्च पाहणाऱ्यांना त्याचे नाव वास्तुकार म्हणून ठाऊक असते. आपल्यासाठी त्याचे महत्त्व वेगळे आहे. मुंबई बेटावर आणखी विहिरी खोदण्यात अर्थ नाही, पाणी साष्टीच्या डोंगरातून आणले पाहिजे, हे त्याने आकडेवारीसह मांडले. मिठी नदीच्या उगमाकडे विहारच्या खोऱ्यात बांध घालायचा आणि तिथले पाणी लोखंडी नळातून उतारानेच शहरात आणायचे, अशी त्याची योजना होती. १८५६ मध्ये काम सुरू झाले आणि १८६० मध्ये विहारचे पाणी मुंबईत आले. धरणातून नळाने शहराला पाणी पुरवणारी ही भारतातली पहिली नगरयोजना.

कॉनिबेअरच्या निवडीत दोन गोष्टी होत्या आणि त्या दोन्हींचा लाभ शहर आजही घेत आहे. पहिली म्हणजे उंची. पाणी आपल्या वजनाने वाहत येणार असल्यामुळे पंपाचा खर्च नाही. दुसरी म्हणजे जंगल. पाणलोटात वस्ती नको, शेती नको, गुरे नकोत, असा कडक दंडक तेव्हाच घालण्यात आला. त्यासाठी तिथली गावे उठवली गेली, हेही नोंदवले पाहिजे. शुद्धीकरण केंद्र नव्हते; गाळण्याचे काम रान करत होते. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आज शहराच्या मध्यात टिकून आहे त्यामागे वन्यजीवांवरचे प्रेम आहेच, पण त्याआधी विहार आणि तुळशीच्या पाणलोटाभोवती घातलेले हे कुंपण आहे.

योजना पुरी होता होताच अपुरी पडली. विहारमधून दिवसाला सुमारे ३.२ कोटी लिटर पाणी मिळणार होते आणि ते सात लाख लोकांसाठी धरले होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, माणसांचे लोंढे आले आणि १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. भागाकार केला तर माणशी जेमतेम ४० लिटर. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे तो पुन्हा लागणार आहे.

यानंतर तलावांमागून तलाव आले. तुळशीचे काम १८७९ मध्ये पूर्ण झाले. पाण्याचा साठा लहान, पण तलाव विहारपेक्षा बराच उंच, त्यामुळे मलबार टेकडीसारख्या उंच भागापर्यंत पाणी चढवणे शक्य झाले. टेकडीवरच्या जलाशयावर माती टाकून बाग फुलवली गेली. हँगिंग गार्डनमध्ये फिरायला जाणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांखाली दक्षिण मुंबईचे पिण्याचे पाणी असते, हे किती जणांना ठाऊक असेल? पवईचा तलाव १८९० च्या सुमारास घाईघाईने बांधला. त्याचे पाणी पिण्याच्या दर्जाचे ठरले नाही आणि तो उद्योग व आरे दुग्धवसाहतीच्या उपयोगापुरता राहिला. टंचाईच्या दबावाखाली केवळ प्रमाण पाहून केलेल्या कामाचे काय होते, याचे ते उदाहरण आहे.

तानसाची गोष्ट याच्या अगदी उलट. मेजर हेक्टर टुलोक या अभियंत्याने १८७० च्या दशकाच्या आरंभीच तानसाकडे बोट दाखवले होते. धरण पुरे होऊन व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्ते उद्‌घाटन व्हायला १८९२ साल उजाडले. जवळपास पावणेतीन किलोमीटर लांबीचे हे दगडी धरण शहापूरच्या रानात आहे आणि त्याचे पाणी खाड्या ओलांडून, शंभर किलोमीटरच्या आसपासचे अंतर तोडून, उतारानेच मुंबईला येते. पुढच्या अर्धशतकात वाहिन्यांची संख्या आणि धरणाची क्षमता टप्प्याटप्प्याने वाढवत नेली. आपल्या खात्याने केलेल्या सगळ्या कामांत मला तानसा सर्वांत दूरदृष्टीचे वाटते. वाढ कुठे करायची याचा विचार बांधतानाच केलेला होता, म्हणून ते काम एका पिढीपुरते ठरले नाही.

१८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने शहर अभियंता आणि आरोग्य अधिकारी यांच्या बरोबरीने जल अभियंत्याचे पद कायद्यात आणले. पाणी हे बांधकाम खात्याचे पोटकाम नाही, ते स्वतंत्र शास्त्र आणि स्वतंत्र जबाबदारी आहे, हे शहराने तेव्हा मान्य केले. खात्याची खरी ओळख या तरतुदीत आहे.

नळाच्या पाण्याने शहराचे रूप पालटले. चौकाचौकांत प्याऊ उभ्या राहिल्या. भात बाजारातली केशवजी नायक यांची १८७६ ची प्याऊ आणि फोर्टमधले मुळजी जेठा कारंजे ही त्या काळाची खूण. पाणी मात्र आले आणि ते वाहून नेणारी गटारे मागे राहिली. जुन्या वस्त्यांची जमीन ओलसर झाली, घरगल्ल्या साचलेल्या पाण्याने भरल्या. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा शहराच्या आरोग्याचा पंचनामा झाला. पाणीपुरवठा आणि मलनिःसारण यांचा विचार एकत्रच करायला हवा, हा धडा तेव्हापासूनचा.

मग विहिरींचा प्रश्न उभा राहिला. नळ आले तरी घरोघरच्या विहिरी होत्याच आणि त्यांत ॲनाफिलीस स्टीफन्सी डासाची पैदास होत होती. डॉ. बेंटली यांनी १९११ च्या अहवालात मुंबईच्या हिवतापाचा संबंध थेट या विहिरींशी जोडला. विहिरी बुजवा किंवा घट्ट झाका, असा हुकूम निघाला. धार्मिक विधींना विहिरीचेच पाणी लागणाऱ्या पारशी आणि हिंदू घरांतून तीव्र विरोध झाला. लोकांच्या श्रद्धेचे आणि आरोग्याचे भांडण तडजोडीने मिटले. जाळी बसवलेल्या झाकणांना परवानगी मिळाली. चर्चगेटजवळची १७२५ मध्ये खोदलेली भिका बेहराम विहीर आजही जागेवर आहे. तरी हजारो विहिरी गेल्या आणि शहर पुरते नळावर विसंबले. दूरच्या धरणांवरचे आपले अवलंबित्व काही अंशी या निर्णयातून आले आहे. निर्णय आरोग्याच्या दृष्टीने रास्त होता, पण त्याची दुसरी बाजू पाणीकपातीच्या प्रत्येक वर्षी जाणवते.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये उपनगरे आणि १९५७ मध्ये विस्तारित उपनगरे पालिकेत आली. बेटाचे शहर दहिसर आणि मुलुंडपर्यंत पसरले आणि जुने हिशेब कोलमडले. याच टप्प्यावर ना. वि. मोडक यांचे नाव घेतले पाहिजे. ते शहर अभियंता होते, बृहन्मुंबईच्या पहिल्या आराखड्याच्या कर्त्यांपैकी होते आणि वैतरणा योजनेचा भार त्यांनी वाहिला. १९५७ मध्ये पूर्ण झालेल्या वैतरणा धरणाच्या जलाशयाला ‘मोडक सागर’ हे नाव मिळाले. एखाद्या पालिकेच्या अभियंत्याचे नाव धरणाला लाभणे ही विरळा गोष्ट, आणि ते योग्य माणसाला लाभले. १९७० च्या दशकात नाशिक जिल्ह्यातल्या अप्पर वैतरणाचे पाणी याच मार्गाने मिळू लागले.

भातसा हा त्यानंतरचा सर्वांत मोठा पल्ला. राज्य शासनाच्या पाटबंधारे धरणातून पालिकेने पाणी घ्यायचे ठरले, १९७३ मध्ये जागतिक बँकेचे साहाय्य मिळाले आणि १९८० च्या आसपासपासून २००७ पर्यंत एकामागून एक टप्पे पार पडले. आज शहराचे जवळपास निम्मे पाणी भातसाचे आहे. हे पाणी मात्र उताराने येत नाही. पिसे येथे ते नदीतून उचलावे लागते आणि पांजरापूरला शुद्ध करून पुढे ढकलावे लागते. कॉनिबेअरने टाळलेला पंपाचा खर्च आणि त्याबरोबर विजेवरचे अवलंबित्व इथे आपल्या पदरी आले. पिसेला वीज गेली की दादरच्या चाळीत नळ कोरडा पडतो.

आता शुद्धतेकडे वळतो, कारण खात्याच्या इतिहासात प्रमाणाची कथा नेहमी मोठ्या आवाजात सांगितली जाते आणि गुणवत्तेची मागे पडते. १८६० पासून शंभराहून अधिक वर्षे मुंबई मुख्यतः न गाळलेले पाणी प्यायली. जंगलाने राखलेले पाणलोट आणि पुढे क्लोरीनची मात्रा यांवर सारी भिस्त होती. पावसाळ्यात गढूळ पाणी यायचे, लोक तुरटी फिरवायचे, नळाच्या तोंडाला फडके बांधायचे. माणसांची संख्या वाढत गेली तसे हे पुरेनासे झाले. भांडुपचे जलशुद्धीकरण संकुल उभे राहिले आणि मुंबईने या प्रश्नाला प्रथमच पूर्ण उत्तर दिले. दिवसाला १९१ कोटी लिटर क्षमतेचे हे केंद्र आशियातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांत गणले गेले. तानसा-वैतरणाचे कच्चे पाणी इथे येते. त्यात आधी तुरटीसारखे द्रव्य मिसळतात, त्याने मातीचे सूक्ष्म कण एकत्र येऊन जड होतात आणि तळाला बसतात. मग पाणी वाळूच्या थरांतून उतरते आणि शेवटी क्लोरीनची मात्रा देऊन मुख्य संतुलन जलाशयात जाते. तिथून जलबोगदे आणि मोठ्या वाहिन्यांनी २७ सेवा जलाशय भरतात. विहार आणि तुळशीसाठीही शुद्धीकरणाची वेगळी सोय आहे.

भारतीय मानक आय. एस. १०५०० पिण्याच्या पाण्याबद्दल जे सांगते ते आपल्या प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाला पाठ असते. गढूळपणा एक एकक, पर्याय नसेल तर फार तर पाच. शंभर मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय शून्य. ग्राहकाच्या नळाशी शिल्लक क्लोरीन लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम. यातले ‘ग्राहकाच्या नळाशी’ हे शब्द सर्वांत कठीण आहेत. भांडुपहून निघणारे पाणी या कसोटीला उतरते. शुद्धता हरते ती पुढे, शेवटच्या काही मीटरांत.

त्याचे कारण साधे आहे. मुंबईला पाणी ठरावीक तासच मिळते. शहराला ते वाटून देणारा आपला चावीवाला एका भागाची झडप उघडतो, दुसऱ्याची बंद करतो. उन्हापावसात, रात्री-अपरात्री, रस्त्यावरच्या झाकणात लांब चावी घालून फिरणारा हा कामगार नसता तर शहर एक दिवस चालले नसते. पण झडप बंद झाली की वाहिनीतला दाब शून्यावर येतो आणि बाहेरचे पाणी जुन्या सांध्यांतून, गंजलेल्या जोडणीतून आत शिरते. ती जोडणी गटारातून गेलेली असेल तर शुद्धीकरणावर ओतलेले सगळे कष्ट तिथे वाया जातात. वस्तीत जुलाब, कावीळ, टायफॉइडचे रुग्ण दिसले की खाते नमुने घेते, गळती शोधते, वाहिनी बदलते. मूळ दुखणे मात्र खंडित पुरवठ्याचे आहे.

यावर उपाय ठाऊक आहे. वाहिनीत चोवीस तास दाब राहिला तर घाण आत येऊ शकत नाही. कराडजवळच्या मलकापूरने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या साहाय्याने मीटर आणि टप्प्याटप्प्याने वाढणारे दर लावून हे करून दाखवले आणि त्याची देशभर वाखाणणी झाली. मुंबईत वांद्रे पश्चिम आणि मुलुंड या विभागांत २०१४ च्या सुमारास असा प्रयोग हाती घेतला गेला, पण तो अपेक्षेइतका फळला नाही. शतकभराच्या वाहिन्या, त्यांच्यावरचे रस्ते आणि इमारती, प्रत्येक सोसायटीची जमिनीखालची टाकी, हे सारे एका लहान गावाच्या तुलनेत फार गुंतागुंतीचे आहे. तरीही माझे स्पष्ट मत आहे की हा प्रयत्न सोडून देता येणार नाही.

कारण प्रमाणाचा प्रश्न आपण बराचसा सोडवला आहे. २०१४ मध्ये १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण पूर्ण झाले आणि दिवसाला ४५.५ कोटी लिटरची भर पडली. गुंदवली ते भांडुप हा सुमारे १५ किलोमीटरचा जलबोगदा झाला, त्यामुळे वाहिन्या फुटण्याचा आणि पाणी चोरीला जाण्याचा धोका कमी झाला. सात तलावांचा पूर्ण साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर आहे आणि शहराला दिवसाला ३८५ कोटी लिटरच्या आसपास पाणी मिळते. विहारच्या १८६० च्या पाण्याच्या हे १२० पट झाले. लोकसंख्या १८६४ पासून २०११ च्या जनगणनेपर्यंत साधारण १५ पट वाढली. नंतरची वाढ धरली आणि सुमारे ३० टक्क्यांची गळती व चोरी वजा केली, तरी सरासरी माणशी १५० लिटरच्या खाली येत नाही.

पण सरासरीने कुणाची तहान भागत नाही. खात्याच्या मापात इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर, असा फरक दीर्घकाळ चालत आला. वर सांगितलेला १८६४ चा आकडा इथे आठवावा. दीडशे वर्षे आणि सात तलावांनंतर मानखुर्द-गोवंडीच्या झोपडीला मिळालेला हक्क विहारच्या काळातल्या सरासरीपेक्षा जेमतेम पाच लिटरने जास्त. कित्येकांना तेवढेही नाही. अनधिकृत ठरलेल्या वस्त्यांतल्या बायका हंडा-कळशी घेऊन दुसऱ्याच्या नळावर रांगा लावत आल्या किंवा टँकरला पैसे मोजत आल्या. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर निकाल दिला की घर कायदेशीर नाही म्हणून माणसाचे पाणी तोडता येणार नाही. २०२२ मध्ये पालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आणले. या दोन्हींनी खात्यावरची जबाबदारी स्पष्ट केली. तानसा वाहिनीच्या कडेला राहणाऱ्या हजारो कुटुंबांना सुरक्षेसाठी हलवताना माहुलसारख्या प्रदूषित भागात नेले गेले, हेही आपल्याच इतिहासाचे पान आहे. वाहिनी सुरक्षित झाली, पण माणसांचे भले झाले असे म्हणता येत नाही.

शहापूरबद्दल लिहिल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. तानसा, भातसा, वैतरणा या धरणांनी शहापूर आणि मोखाड्याच्या परिसरातली शेते, पाडे आणि रान पोटात घेतले. त्याच तालुक्यांत दर उन्हाळ्यात पाण्याचे टँकर फिरतात. आपल्या अवाढव्य वाहिन्या ज्या पाड्यांच्या शेजारून जातात तिथल्या बायका डोंगर उतरून झिऱ्याचे पाणी भरतात. गारगाई धरणाचा प्रस्ताव पुढे सरकतो आहे. त्याने ४४ कोटी लिटर मिळतील, पण तानसा अभयारण्यातले जंगल जाईल आणि आणखी गावे उठतील. मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करण्याचा २० कोटी लिटरचा प्रकल्पही विचारात आहे. कोणता पर्याय निवडावा यावर अभियंत्यांत मतभेद असणे स्वाभाविक आहे. जुन्या धरणांखालच्या गावांना आधी नळ मिळावा, यावर मतभेदाला जागा नाही. नव्या कामांबरोबर जुन्याकडेही पाहायला हवे. १८ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत भांडुप संकुलातच पाणी शिरले आणि शहराचा पुरवठा विस्कळीत झाला. एका केंद्रावर एवढा मोठा भार टाकण्याचा धोका त्या दिवशी दिसला आणि आहे त्या व्यवस्थेची दुरुस्ती ही नव्या धरणाइतकीच निकडीची आहे हेही कळले.

खात्यात आज रुजू होणाऱ्या तरुण अभियंत्यांना आणि शहराच्या नगरसेवकांना म्हणून एक विनंती. पावसाळ्यात सात तलावांची पातळी आपण रोज जाहीर करतो आणि सारी मुंबई ती उत्सुकतेने वाचते. त्याच्याच शेजारी प्रत्येक प्रभागात कोणत्या वस्तीला किती तास पाणी मिळाले, त्या दिवशी किती नमुने अशुद्ध निघाले आणि शहापूर तालुक्यात किती टँकर गेले, हेही रोज छापले जावे.